पुतणीची नोकरी

बेलापूरच्या ऑफिसमधली माझी नोकरी गेली. दिवाळे गावातल्या आमच्या घरातून खांद्याला पर्स अडकवून ऑफिसला जाणारी मी पहिली बाई. सासूने आणि मोठ्या जावेने जन्मभर मासळी विकली. मी लग्न होऊन आले तीच नोकरीवाली. एका बँकेचे कर्जाचे अर्ज कॉम्प्युटरवर तपासायचे, एवढंच काम, तेही कंत्राटावर. एके दिवशी मॅनेजरने सगळ्यांना बोलावलं आणि खाली बघतच सांगितलं, "आपली प्रोसेस बंद होतेय. आता सिस्टिमच करेल."

नंतर किती ठिकाणी अर्ज केले आठवत नाही. नवरा सकाळी पेपर वाचून दाखवायचा. विमानतळामुळे नोकऱ्या येणार, बंदराकडे गोदामं वाढतायत, नवी मुंबईत रोजगारच रोजगार. बिचारा धीर द्यायला वाचायचा. मला मात्र त्या बातम्या नकोशा व्हायला लागल्या होत्या. इतकं सगळं वाढतंय आणि त्यात आपल्याला कुठेच जागा नाही, हे रोज सकाळी चहाबरोबर ऐकायचं.

मग गावातल्या एकीने सांगितलं, उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामात बायका घेतायत, माल उचलून पॅक करायला. मी निघाले तशी जावेची मुलगी म्हणाली, "काकी, मी येते सोबत. एकटी कुठे शोधशील?" ती नेरुळच्या कॉलेजात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या दिवशी तिला लेक्चर नव्हतं.

उरणच्या गाडीने गेलो, पुढे रिक्षा. दोन्ही बाजूंना कंटेनरचे ट्रेलर उभे, आणि धूळ इतकी की रुमाल नाकावरून काढवेना. गोदामाच्या गेटवर मुलींची रांग होती. सगळ्या विशीतल्या. मी सोडून.

सुपरवायझरने मला वय विचारलं. मी सांगितलं.

"मॅडम, इथे दिवसभर उभं राहायचं असतं."

"राहीन की."

"तसं नाही. आम्हाला वरूनच सांगितलंय, पस्तिशीच्या आतले घ्या." मग त्याने माझ्या मागे पाहिलं. "आणि ही?"

"ती नुसती सोबत आलीय."

"आधार कार्ड आहे का गं?"

पोरीने माझ्याकडे बघितलं. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मोबाईलमध्ये आहे."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. मग हळूच म्हणाली, "काकी, रागावलीस?"

"नाही गं. पण कॉलेज?"

"परीक्षेला सुट्टी घेईन ना."

मला खरंच राग आला नव्हता. त्या रांगेत उभी राहिले याचीच लाज वाटत होती.

घरी जाऊ ओट्यावर बोंबील साफ करत बसली होती. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, लेकीला अडवील. ती विळीवरून मान वर न करता म्हणाली, "शिकून तुजं काय झालं? तुलापन काडलाच ना. जाऊदे तिला." टोमणा नव्हता तो. जे डोळ्यांनी पाहिलं तेच ती बोलली.

पुतणी कंपनीच्या बसने जायला लागली. हातातलं मशीन दाखवेल त्या फळीवरून वस्तू काढायची, ढकलगाडीत टाकायची, पुढच्या फळीकडे पळायचं. घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि तिथेच तिचा डोळा लागायचा. परीक्षा आली तेव्हा गोदामात सेलचा माल होता. सुट्टी मिळाली नाही.

सकाळी आईला बाजारात मदत करायची ती. ते काम आता माझ्याकडे आलं. बर्फ फोडणं, पाटी मांडणं, सुट्टे पैसे देणं. कोळंबी सोलताना माझी बोटं सुजायची. जाऊ माझ्या पुढ्यातली अर्धी कोळंबी स्वतःकडे ओढून घ्यायची.

आणि मग एका रविवारी पुतणीच्या मोबाईलवर कंत्राटदाराचा मेसेज आला. उद्यापासून येऊ नये.

"काढलं नाही काकी, ब्रेक दिलाय," ती मला समजावत होती. "सगळ्यांनाच देतात. सलग ठेवलं तर परमनंट करावं लागेल ना. दुसऱ्या कंत्राटदाराकडून परत घेतात."

मी तिला घेऊन कॉलेजात गेले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, परीक्षेचं आता पुढच्या वर्षीच काय ते. मी आणखी विचारत होते, तेवढ्यात तिने माझी ओढणी ओढली. "राहू दे, काकी. चल." बाहेर तिच्याच वयाच्या मुली वडापाव खात हसत उभ्या होत्या. ती त्यांच्याकडे न बघता पुढे चालत गेली.

आता ती उलव्याच्या पुढे दुसऱ्या गोदामात जाते. कंत्राटदार नवा, काम तेच.

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मोठ्या सोसायट्यांतले लोक हल्ली मासळीही मोबाईलवरून मागवतात. माशा हाकता हाकता जावेने मध्येच विचारलं, "ती परत शिकल का गं?"

माझ्या तोंडावर तिची नजर खिळली होती.

"शिकेल," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि मासळीवर पाणी शिंपडलं.