लाल फुलातली पांढरी रेघ

मंडळी, आज सुट्टी होती, म्हणून नवा डिजिटल कॅमेरा घेऊन धारहून बाग नावाच्या गावी गेलो. नदीकाठी वाळत घातलेल्या लाल छापाच्या चादरींचे भराभर साठ फोटो काढले आणि छपाई करणाऱ्या चाचांना ऐटीत दाखवले.

चाचांनी स्क्रीनवर हाताची सावली धरून निरखून पाहिलं. "भिया, फूल की लकीर कहाँ गई?"

खरंच! चादरीवरच्या प्रत्येक फुलात केसाएवढी पांढरी रेघ होती. माझ्या फोटोत नुसता लाल डाग.

मी म्हटलं, "घर जाकर कंप्यूटर पे ठीक कर दूँगा."

"जो आई ही नहीं, उसे क्या ठीक करोगे?"

राग आला, पण स्वतःचाच. फिल्मचा रोल संपायची भीती गेली, तशी माझी नीट बघायची सवयही गेली.

मग हट्टालाच पेटलो. एक्स्पोजर थोडं थोडं कमी करत, प्रत्येक फोटो मोठा करून तपासत, तीन तास एकाच फुलापुढे बसलो. उन्हं कलल्यावर रेघ आली.

चाचा म्हणाले, "हाँ, अब हमारी है."

आधीचे साठही फोटो तिथेच डिलीट केले.

तुम्ही ज्याच्या कामाचे फोटो काढता, त्याला ते कधी दाखवता का?