पडद्याची समोरची बाजू

टुरिंग टॉकीजवाल्या माणसाला किस्से विचारायचे नसतात. एक सांगायला घेतला की दुसरा त्याच्या मागून येतोच. हल्ली ऐकणारे कमी झालेत, तेव्हा आलाच आहात तर बसा जरा. चहा टाकतो. घरात मी एकटाच, त्यामुळे चहा कसा होईल याची गॅरंटी नाही.

मी ऑपरेटर होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोतीशेठची कंपनी म्हणजे एक ट्रक, एक तंबू, एक जनरेटर आणि एक मशीन. वाशीमकडचं मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा हा आमचा पट्टा. नवे सिनेमे शेठला परवडत नसत. आम्ही दाखवायचो वीस-पंचवीस वर्षं जुने, देश नवानवा होता तेव्हाचे. त्यात जमीनदार असायचा, फाळणी असायची, शिवाशिव असायची आणि शेवटी सगळं सुरळीत व्हायचं. बाहेर काही सुरळीत झालेलं नव्हतं. म्हणून ते सिनेमे कुणाला जुने वाटले नाहीत.

आमच्या तंबूत पडदा मधोमध. लोक दोन्ही बाजूंनी बसायचे. समोरून चित्र सुलट दिसायचं, मागून उलट, म्हणजे मागच्यांचा हिरो सदा डावखुरा! मागचं तिकीट स्वस्त. पण काही गावांत तिकिटाचा संबंधच नव्हता. मागं कोणी बसायचं हे गावानं आधीच ठरवलेलं असायचं.

भीमराव आमचा पुकारेवाला. टांग्याला भोंगा बांधून दुपारभर गावोगाव फिरायचा. "या हो बाप्पा, लेकराबाळासकट या, सगळ्यायले जागा हाये!" छप्पन साली त्याच्या बापानं घरातले देव नदीत सोडले, धम्म घेतला. बाप गेला, आता गावात एकटी माय. पोरगा वर्षातले दहा महिने आमच्यासोबत. जेवायला बसलो की भीमराव एकच गोष्ट काढायचा.

"उत्तमभाऊ, मह्या मायनं आतापावतर सारे सिनेमे मांगून पाह्यले. एकडाव तिले समोरून दाखवाचा हाये."

दरवर्षी सुगीनंतर आमचा तंबू त्याच्या गावी लागायचा आणि दरवर्षी ती नाही म्हणायची.

* * *

आणीबाणी लागली तेव्हा आमच्याकडे एक जुना सिनेमा होता. त्यातला व्हिलन पांढरी टोपी घालून धान्याचा काळाबाजार करायचा. सेन्सॉरनं कधीकाळी पास केलेला. पण फौजदारसाहेबांनी शेठला चौकीत बोलावलं आणि विचारलं, "टोपी कायले दाखवता?"

शेठ घामाघूम होऊन परत आला. म्हणाला, "उत्तम, टोपी दिसली की लेन्ससमोर हात धर."

धरला. पण व्हिलन दर पाच मिनिटांनी यायचा. पडदा काळा झाला की लोकांना कळायचं, आला गडी! अंधार पडला रे पडला की शिट्ट्या, टाळ्या. तिसऱ्या दिवशी तर लोक सिनेमापेक्षा अंधारालाच हसायला लागले.

चौथ्या दिवशी फौजदारसाहेब स्वतः येऊन बसले. शेवटपर्यंत गंभीरपणे पाहिलं. उठताना शेठला म्हणाले, "शेठ, उद्यापासून अंधारबी दाखवू नका."

* * *

दुसरा सिनेमा जमीनदाराचा. शेवटच्या रिळात कुळं एक होतात, जमीनदाराच्या दारात नांगर आणून टाकतात आणि तो हात जोडतो. एका गावी आम्ही तंबू लावला ती जागाच तिथल्या मोठ्या जमीनमालकाची. भाडं घेत नव्हता, बिचारा. पहिल्या दिवशी तो खुर्ची टाकून बसला. मध्यंतरात शेठला बाजूला घेऊन म्हणाला, "शेवटचं रीळ खराब हाये म्हना."

झालं! त्या गावात चार दिवस जमीनदारच जिंकत राहिला. नांगर उचलायची वेळ आली की सिनेमा खलास.

लोक उठून घरी जायचे. पण आमचा पुढचा मुक्काम पोहरादेवीकडे पडला आणि पाहतो तर काय, पहिल्याच खेळाला त्याच गावची माणसं! कोणी बैलगाडीनं, कोणी पायी. शेवट पाहायला आलेली. नांगर पडला तेव्हा तंबू डोक्यावर घेतला त्यांनी.

खेळ सुटल्यावर सगळे गेले. कनातीजवळ एक माणूस घोंगडी पांघरून तसाच बसलेला. जवळ गेलो तर तो जमीनमालक. मला पाहून जरा ओशाळला.

"शेवट काय होते, हे गावात कोनाले विचारू बाप्पा?" म्हणाला. "मले कोनी सांगतच नाही."

* * *

मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर एक चहावाला होता. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. मुक्काम असला की आमचा चहा त्याच्याकडून. माणूस कमी बोलणारा. आम्ही फाळणीचा सिनेमा लावला तसा तो रोज यायला लागला. पण सिनेमा बघायचा नाही. रेल्वे स्टेशनचा एक सीन होता, गर्दीच गर्दी, गाडीच्या टपावर माणसं. तेवढा बघायचा आणि उठून जायचा.

एके दिवशी दुपारी तो माझ्या केबिनशी आला. हातात किटली.

"उत्तमभाई, वो स्टेशनवाला सीन है ना, उसमें मशीन जरा धीरे चलाव."

मी म्हणालो, "चाचा, आवाज बिघडते. भोंग्यातून हंबरल्यासारखं येते."

"आवाज नहीं होना. सूरत होना."

मग हळूहळू त्यानं सांगितलं. धाकटा भाऊ फाळणीच्या साली निघून गेला. त्यानंतर ना खबर, ना पत्ता. चाचाला कोणीतरी सांगितलं होतं की सिनेमात खरी गर्दी दाखवली आहे. आता ती गर्दी मुंबईच्या स्टुडिओत पैसे देऊन उभी केलेली असते, हे मला माहीत होतं. त्याला ते सांगायचा धीर मला झाला नाही.

त्या संध्याकाळी मी मशीन हळू केलं. लोकांनी आरडाओरडा केला, शेठनं शिव्या दिल्या. चाचा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाला, "नहीं है उसमें." आणि एका दमात, "आज फिर देखूंगा."

* * *

माझं म्हणाल तर माझी बायको एकदाच तंबूत आली. लग्नाला सहा महिने झाले होते. तिला वाटलं होतं, ऑपरेटरची बायको म्हणजे दोघं मिळून सिनेमा बघणार. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि केबिनमध्ये गेलो.

घरी जाताना विचारलं, "कसा होता?"

म्हणाली, "चांगला होता. पन मी मांगं पाहू पाहू थकली, तुमी दिसलेच नाही."

मी हसलो तेव्हा. आता ती नाही आणि ते आठवलं की घरात बसवत नाही.

* * *

आता भीमरावाचं सांगतो. त्याचं गाव मेडशीच्या पलीकडचं, नाव नाही सांगत, तिथं अजून माझ्या ओळखीचे लोक आहेत. त्या वर्षी आमच्याकडे सिनेमा होता शिवाशिवीचा. गावची विहीर, पाटलाचा शिकलेला पोरगा आणि महारवाड्यातली पोरगी. शेवटी पोरगी मरते. मग सगळं गाव रडतं आणि विहीर सगळ्यांना खुली होते.

भीमराव म्हणायचा, "या जुन्या सिनेमात आमची पोरगी मरल्याबिगर समता येतच नाही भाऊ. आली का मंग पाहाले ती नसते." पण सिनेमा त्याला आवडायचा. यावेळी मायला समोरून दाखवायचाच, असं त्यानं ठरवलं होतं. चार दिवस तिच्या मागं लागला. शेवटी ती हो म्हणाली.

दिवेलागण झाली. समोरची बाजू भरलेली, मागंही भीमरावाच्या वस्तीतली माणसं गच्च. भीमराव मायचा हात धरून आला. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. समोर मधोमध सतरंजीवर त्यानं तिला बसवलं. वस्तीतल्यांनाही तो म्हणाला होता, चला समोर. पण दुसऱ्या दिवशी त्यांना समोर बसलेल्या लोकांच्याच वावरात कामाला जायचं होतं. कोणी उठलं नाही.

तिच्या शेजारचा एकजण धोतर झटकत उठला. मग त्याच्या मागचा. मग बायका लेकरं उचलून निघाल्या. कोणी शिवी दिली नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. बघता बघता समोरची बाजू रिकामी झाली आणि तंबूबाहेर घोळका जमला.

शेठ धावत केबिनशी आला. "उत्तम, बंद कर."

त्याच्या मागं भीमराव उभा. "उत्तमभाऊ," तो म्हणाला, "चालू द्या."

मी मशीन चालू केलं. शेठ डोक्याला हात लावून बाहेरच्यांची समजूत घालायला गेला. भीमराव तंबूच्या दारात जाऊन उभा राहिला, बाहेरच्या लोकांकडे तोंड करून, कोणी आत दगड टाकू नये म्हणून. त्यामुळे त्यालाही तिच्याजवळ बसता आलं नाही. एवढ्या मोठ्या तंबूत समोर ती एकटी. मी पूर्ण सिनेमा दाखवला, एक फूटही कापला नाही.

शेवटी पोरगी मेली. पडद्यामागं वस्तीतल्या बाया हमसून हमसून रडायला लागल्या, एकमेकींना धरून, मला केबिनमध्ये ऐकू येत होतं. समोर मात्र काही आवाज नव्हता. विहीर खुली झाली, सिनेमा संपला, मी दिवे लावले.

भीमराव दारातून धावत आला. तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता.

"माय, दिसला नं बराबर? कसा वाटला समोरून?"

तिनं पदरानं डोळे पुसले. रिकाम्या सतरंज्यांकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"चांगला होता रे बाबू," म्हणाली. "पन मांगूनच बरा होता. तिकडं संगं रडाले मानसं होती."