ओवाळणीतला बोल्ट

भाऊबीजेचा आमच्या घरी एक नियम आहे. ओवाळणी ताटातून उचलायची, डोळ्यांना लावायची आणि बाजूला ठेवायची. उघडून बघायची नाही, भावासमोर तर मुळीच नाही. आईने हे इतक्या वेळा बजावलं होतं की पन्नाशी उलटली तरी मी तो नियम पाळत होते. नसता पाळला तर बरं झालं असतं, पण हे शहाणपण मागाहून आलेलं.

त्या वर्षी दादाने ताटात गाडीची किल्ली ठेवली. त्याने दसऱ्याला नवी गाडी घेतली होती, ही त्याची जुनी. मी देपालपूरच्या शाळेत शिकवते, इंदूरहून रोज बसने जाते-येते. "किती दिवस त्या बसमध्ये लटकणार? घरची गाडी आहे, घरातच राहू दे," तो म्हणाला. गाडी धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून अंगणात उभी होती. मला सगळ्यांसमोर रडू आलं. वडील गेल्यावर माझं शिक्षण, लग्न, सगळं दादानेच पार पाडलं होतं. दिवाळीची सुट्टी संपताच मी अख्ख्या स्टाफरूमला गाडी दाखवली. भाऊ असावा तर असा, असं मीच सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतलं.

माझी स्कूटर वर्षानुवर्षं दुरुस्त करणारे इंदूरच्या छावणी भागातले मिस्त्री तेवढे खूश झाले नाहीत. "टीचरजी, पुरानी गाडी है, एक बार मेरे को दिखा लो," ते म्हणाले.

मला राग आला. "दान की बछिया के दाँत नहीं देखते, मिस्त्रीजी." दानात आलेल्या कालवडीचे दात बघू नयेत, अशी इकडची म्हण आहे.

"बछिया के नहीं देखते, पर इंजन के देख लेते हैं," ते म्हणाले. मी फणकाऱ्याने निघून आले.

मार्चमध्ये एका दुपारी शाळेतून परत येताना तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. दोन्हीकडे कापलेल्या गव्हाची शेतं, सावलीला झाड नाही. मी फोन केल्यावर तासाभराने मिस्त्री दुसरी गाडी घेऊन आले आणि माझी ओढून गॅरेजात नेली. इंजिनात पाणी फिरवणारा पंप ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो. मिस्त्रींनी बाकीचे बोल्ट पान्याने जोर लावून काढले. एक मात्र नुसत्या बोटांनी फिरवला तसा बाहेर आला.

"चूड़ी मरी हुई है," ते म्हणाले. म्हणजे ब्लॉकच्या त्या भोकातले आटे गेले होते आणि तिथून पाणी गळत होतं. बोल्टभोवती काहीतरी चमकत होतं. त्यांनी ते पकडीने सोडवलं आणि माझ्या हातावर ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी होती, कात्रीने कापलेली, वर हिरव्या रेघेचा तुकडा आणि अर्धी अर्धी अक्षरं.

ती पट्टी मी ओळखली. आईच्या गुडघ्याच्या मलमाची ट्यूब. संपलेल्या ट्यूबा दादा कधी फेकू देत नसे. दाराची बिजागरी ढिली झाली, कुकरचा दांडा हलायला लागला, की ट्यूब कापायची, स्क्रूला गुंडाळायची आणि कसायचं. माझ्या हॉस्टेलच्या पेटीची कडीही त्याने अशीच बसवली होती. "बघ, आता हलते का!" दादाला दुरुस्त करता येत नाही असं जगात काही नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

"ये मिस्त्री का काम नहीं है," मिस्त्री म्हणाले. "किसी ने घर पे ज़्यादा कस दिया, चूड़ी टूट गई, तो पट्टी लपेट के बिठा दिया. जिसने किया, उसको मालूम था." बछियाच्या दातांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तेवढा चांगुलपणा त्यांच्यात होता.

मी स्टुलावर बसून दुरुस्ती बघत राहिले. ड्रिलला ग्रीस लावून त्यांनी भोक सरळ, जरा मोठं केलं. मग टॅपने नवे आटे पाडायला घेतले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे आत कीस अडकत नाही. घाई केली तर ब्लॉकच जायचा. शेवटी पोलादी तारेची बारीक कॉइल त्या आट्यांत फिरवत बसवली, म्हणजे बोल्ट तिच्यात पक्का बसतो. परका माणूस माझ्यासाठी पाव पाव फेऱ्याने काम करत होता. आणि माझ्या सख्ख्या भावाने पट्टी गुंडाळली, वर माळ घातली आणि किल्ली ताटात ठेवली. मी रोज देपालपूरला जाणार हे माहीत असून. मला फसवलं, माझ्या दादाने. त्या स्टुलावर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी पट्टी कागदात गुंडाळून त्याच्या घरी गेले. त्याने नाही म्हणावं, खोटं बोलावं, दुसऱ्या कुणावर ढकलावं, अशी मी वाटभर प्रार्थना करत होते. त्याने पट्टी पाहिली आणि हसला.

"अरे वा, इतके महिने टिकली?"

"दादा, सांगितलं का नाहीस?"

"अगं, एक बोल्ट तर होता. बाहेरच्याला विकली असती तर तो दुसऱ्याच दिवशी दारात झगडा करायला आला असता. तू थोडीच करणार होतीस?"

तो रागावून बोलला नव्हता. लाडाने बोलला होता. वहिनीने पोहे आणले, वर भरपूर शेव घातलेली. मी झगडा केला नाही. पोहे खाल्ले आणि त्याचं म्हणणं खरं करून घरी आले. त्याच्यापेक्षा मला माझीच चीड जास्त आली.

गाडी आता उत्तम चालते. त्या भोकातून पाण्याचा थेंब येत नाही.

यंदाच्या भाऊबीजेला दादाने ताटात साडीचा खोका ठेवला. मी निरांजन खाली ठेवलं, खोका डोळ्यांना लावला आणि तिथेच, पाटासमोर, उघडला. आई "अगं, अगं" म्हणत राहिली. मी घड्या मोडल्या, पदर उजेडात धरला आणि दोन्ही काठ शेवटपर्यंत बोटांनी चाचपले. दादा कपाळावर ओलं कुंकू घेऊन पाटावर बसून होता, ताटाकडे बघत. साडीत कुठेच दोष नव्हता. तरी मी सगळी बघितली.