तुटका दांडा

गॅरेजमध्ये बाबांच्या जुन्या जीपच्या गिअरच्या दांड्याला वेल्डिंग चाललं होतं. ठिणग्या उडत होत्या, पण मी बघत होते बाबांच्या हाताकडे.

सकाळी घाट उतरताना तो दांडा बुडापासून तुटला. जीप दुसऱ्या गिअरमध्येच राहिली, म्हणून निभावलं. मागे आई डोळे मिटून नामस्मरण करत होती, मधूनच डोळे उघडून बाबांच्या हाताकडे बघत होती. घाट लागला की तिचं हे ठरलेलंच. बाबांनी दांडा खाली टाकला नाही. होता तिथेच उभा धरून, प्रत्येक वळणावर गिअर बदलल्यासारखा हलवत राहिले. "आलंच हं गाव," असं आईला सांगतही होते. खालची फट फक्त पुढे बसलेल्या मला दिसत होती.

"झाला पक्का," मेकॅनिक म्हणाला. बाबा हसले.

लहानपणापासून याच हाताच्या भरवशावर मी निर्धास्त झोपत आले. आईच्या ऑपरेशनच्या दिवशीही तो असाच स्थिर होता. तेव्हा तरी खाली काही जोडलेलं होतं का?

परतताना पुन्हा घाट लागला. "झोप गं जरा," बाबा म्हणाले.

मी डोळे मिटले आणि घर येईपर्यंत झोपल्यासारखं दाखवत राहिले.