चैत्रातला तेरडा

पाळी हे आमचं गाव सोडलं त्या सकाळी आमची बस खनिजाच्या ट्रकांमागे तासभर अडकून पडली होती. दादा मला म्हापशापर्यंत सोडायला आला होता. माझी बॅग त्याच्या मांडीवर होती, कारण ती धरून ठेवण्याचं बळ माझ्या बोटांत नव्हतं. खिडक्या बंद होत्या तरी लाल धूळ आत येतच होती. निघताना आईने अंगणातून एवढंच सांगितलं, "धुळीपासून लांब रवलंस काय बरां वाटतला तुका." ती रडली नाही, मीही नाही. मांद्र्याला मावशीकडे राहायचं, हवा बदलायची आणि चार-सहा महिन्यांत परत यायचं असं ठरलं होतं. त्याला आता दहा वर्षं होतील.

घरच्या ग्रुपवरच्या तुमच्यापैकी जे पाळीतच राहिलात ते हे वाचून हसाल, आणि जे मस्कतला, पुण्याला गेलात ते तर जास्तच. पाळी ते मांद्रे हे काय स्थलांतर? डिचोलीला बस बदलली, म्हापशाला बदलली की जेवणवेळेपर्यंत माणूस पोचतं. पण मला विचाराल तर मी परदेशीच गेले. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिचा नवरा गेल्यावर तिने घराच्या मागच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्यांचं बुकिंग मी सांभाळते. चेक-आउट अकराला की बाराला यावर वाद घालायचा, वायफायचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्यायचा, आणि रिव्ह्यूमध्ये कोणी आमच्या कोंबड्याच्या आरवण्याची तक्रार केली तर इंग्रजीत माफी मागायची. कोंबड्याच्या वतीने.

दुखणं सुरू झालं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सगळ्यांनी धुळीला दोष दिला, मीही दिला. डॉक्टरांनी मात्र आमवात असं नाव सांगितलं आणि म्हणाले, धुळीचा संबंध असेलही, नसेलही, पण हा आता सोबतीला राहणार. पुढे खाणी बंद पडल्या. पाळीतल्या झाडांची पानं पहिल्यांदाच हिरवी दिसायला लागली असं तुम्हीच सांगितलंत. माझी बोटं होती तशीच राहिली. मग मला घरातून हलवलं कशासाठी, आणि मी इथे राहिले कशासाठी, ते मला अजून समजलेलं नाही. कोणी विचारलं तर मी समुद्राच्या वाऱ्याचं नाव सांगते. पावसाळ्यात तोच वारा माझे गुडघे सुजवतो.

सकाळी सगळे सांधे आखडलेले असतात. पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे देऊन जातो, कडक कवचाचे गोल पाव. त्यातला एक कडक उंडा मला माझ्या हातांनी मोडता आला तर तो दिवस बरा. नाही आला तर मावशी मोडून चहात बुडवून देते, केस विंचरते, ब्लाऊजची बटणं लावते. अशाच सकाळी खिडकीत बसल्या बसल्या मला पाखरांचा नाद लागला. जड काही हातात धरवत नाही म्हणून मी छोटा कॅमेरा घेतला. मावशीने जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवून तीत तांदूळ भरले. ती पिशवी खिडकीवर ठेवायची आणि तिच्यावर कॅमेरा टेकवायचा. दोनदा तिला पोरकिडे लागले, दोनदा तांदूळ बदलले. अडचण एकच होती, शिंजीर जास्वंदीवर येतो साडेसातला आणि माझी बोटं उघडतात नऊला. त्यातून मावशी सहा वाजताच देवाला फुलं काढून न्यायची. मी काही बोलले नव्हते, पण एके दिवशी बघते तर खिडकीसमोरची फांदी तिने तशीच फुलांसकट सोडलेली. "पाखरांक कामधंदो नाय, नि तुका पण नाय," एवढंच म्हणाली. तेव्हापासून आमच्या देवाला जास्वंदी कमी मिळतात.

रोज एक फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकायला लागले. शिंजीर, बुलबुल, दयाळ, पावसात कुंपणाला उगवलेला तेरडा, भिंतीवरची अबोली. तुम्ही अंगठे दाखवलेत, फुलं पाठवलीत. वाईट दिवस आले की मी काय करायचे ते आता सांगून टाकते. कॅमेऱ्यापर्यंत हातच जायचा नाही, मग मोबाईलवर कसाबसा अंगठा फिरवून जुना फोटो शोधायचा आणि 'आजची सकाळ' लिहून पाठवायचा. कधी सलग आठवडाभर मी तुम्हाला जुन्याच सकाळी पाठवल्या आहेत. फसवायचं मनात नव्हतं. की होतं? आई काळजी करेल म्हणून करते असं मी स्वतःला सांगायचे, पण खरं म्हणजे त्या ग्रुपवरची मी मला आवडायला लागले होते. रोज पहाटे उठून पाखरं टिपणारी ती बाई.

मग गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याला फोंड्याला नोकरी लागली आहे, वहिनीला घेऊन तो तिकडेच राहणार. आई पाळी सोडायला तयार नाही; मला बोलवून घे, असं तिनेच त्याला सांगितलं होतं. "आईवांगडा कोण तरी होया," तो म्हणाला. "तू आता बरी आसस. रोज फोटो बघतंव मगो आमी." हो म्हणावं तर विहिरीतून कळशी काढणं लांबच, मला माझी वेणी घालता येत नाही. नाही म्हणावं तर का नाही, हे सांगावं लागणार. दहा वर्षं ज्या घरी परत जायचं म्हणत होते, त्याचं दार उघडलं तेव्हा मी उंबऱ्यावर खोटी ठरत होते. दोन दिवसांनी येते, असं सांगून मी फोन ठेवला.

पाळीला पोचले त्या दिवशी सुदैवाने हात बरे होते. आई परसात भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. सोलं उन्हात घालायची, बिया बाजूला. तिची बोटं लालभडक. मी शेजारी बसले आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करत राहिले. पहिल्यांदा तीच बोलली, वर न बघता.

"तेरडो चैतात खय फुलता गो?"

मग तिने दादाने दिलेला मोबाईल आणायला लावला. चैत्रात मी पाठवलेला बुलबुलाचा फोटो होता. खाली 'आजची सकाळ'. कोपऱ्यात कुंपणाला तेरडा फुललेला, पानांवर पावसाचं पाणी. बुलबुल बघण्याच्या नादात तो मला दिसलाच नव्हता, तुमच्यापैकी कोणालाही दिसला नाही. आईला दिसला. आणि त्या एकाच नाही, तिने असे कितीतरी ओळखले होते. कधी फुलावरून, कधी नुसत्या उन्हावरून. "तसो फोटो इलो काय मी समाजतलंय, चेडवाक आज उठूक जावक नाय." मुलीला आज उठता आलेलं नाही हे कळलं, की ती मावशीला फोन करायची. त्या दुपारी माझ्यासाठी पेज का व्हायची ते मला तेव्हा उमगलं. दोघी बहिणींनी इतकी वर्षं मला पत्ता लागू दिला नव्हता. मला राग यावा की रडू यावं, ते ठरेना. दोन्ही आलं.

"मग तुला ठाऊक होतं, तरी दादाला मला बोलवायला सांगितलंस?" मी विचारलं.

"बरी आसस म्हणान बोलवक नाय मी," आई म्हणाली. "बऱ्या दिसांनी थय रव, फोटो काड. वायट दिसांनी हय ये."

वाईट दिवशी दोन बस बदलून मी येणार कशी, हे तिच्या लक्षात आलं नसेल. किंवा आलंही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे हात आखडले. परसात कपडे वाळत घालायच्या वळणीवर दयाळ येऊन बसला होता, शेपटी उचलून, अगदी समोर. कॅमेरा मांडीवर होता, पण बोट बटणापर्यंत जाईना. आई म्हणाली, मी दाबते. तिने चष्मा लावला, बटण शोधलं, दाबलं. फोटोत अर्धी फांदी आली, वळणीवरची माझीच साडी आली आणि दयाळ गेला होता. तो फोटो आईकडूनच ग्रुपवर पाठवून घेतला. खाली काय लिहायचं ते मी बोलले आणि मोबाईलने उमटवलं: 'आज माझा हात उठला नाही. हा फोटो आईने काढलाय. पूर्वीचे खूपसे फोटो जुने होते.'

मग दादाने लिहिलं, 'मग आई तुका सांबाळतली काय तू आईक?' मी वाचून दाखवलं. आई सोलं उलटत होती. "तेका सांग, ज्या दिसा जिचो हात चलतलो, ती."

हे उत्तर झालं का, मला माहीत नाही. दादालाही माहीत नाही, तो फोंड्याला जायचा थांबलेला नाही. शनिवारी मावशीच्या तिन्ही खोल्या भरणार आहेत, म्हणून मी शुक्रवारी निघणार आहे. आई म्हणते, सोलं सुकली की परत ये. तिकडे जाताना म्हणायचं घरी जाते, आणि इकडे येताना काय म्हणायचं? इतकी वर्षं मी मांद्र्यात आजारी होते आणि पाळीत बरी होते. आता दोन्हीकडे आजारी आहे, आणि दोन्हीकडे माझा उंडा मोडून द्यायला कोणीतरी उठतं.