दाढीचा नवस

किकवीच्या फाट्यावर, एस.टी. थांब्याच्या पाठीला सोपाननानांचं केस कापायचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, एक बाकडं. चाळीस वर्षांत गावातलं एकही डोकं नानांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिलं नाही. कुणाच्या टाळूवर दोन भवरे आणि कुणाच्या कानामागं चामखीळ, हे त्याच्या बायकोआधी नानांना ठाऊक.

पण दोन वर्षं झाली, नानांचा उजवा हात थरथर कापायला लागला होता. आधी चहाची बशी वाजली, मग कातर. एकदा कुंडलिकआप्पांची दाढी करताना कानाखाली वस्तरा लागला. नानांनी तुरटी दाबून धरली. आप्पा म्हणाले, "म्याच हाललो गा." तेवढ्यावर मिटलं. पण नानांनी धास्ती घेतली ती घेतलीच. हात थरथरतो हे एकदा गावभर झालं, की वस्तऱ्यापुढं गळा कोण देईल? आणि दुकान बंद झाल्यावर घरी बसून नाना कुणाची तोंडं बघणार? तेव्हापासून काम करताना डाव्या हातानं उजवं मनगट धरायची खोड त्यांनी लावून घेतली.

आणि काय योग बघा, त्याच सुमारास गिऱ्हाइकांनी दाढ्या राखायला घेतल्या. आप्पा म्हणाले, नवस बोललोय. मानसिंगला म्हणे गालाला थंडी बाधत होती. धनाजीला लेकीनं सांगितलं होतं, पप्पा, सध्या फॅशन आहे. सगळे नुसते केस कापून घ्यायचे, दाढीची कडा कातरीनं सारखी करून घ्यायचे. नानांच्या जिवाला तेवढाच थारा.

"नाना, मशीन घ्या की एखादं," मानसिंग अधूनमधून टोकायचा.

"मशीन मेंढरं भादरायला. माणसाला वस्तरा," नाना उडवून लावायचे. उडवून लावायचे खरे, पण वस्तरा खणातच असायचा.

यंदाच्या हिवाळ्यात पुण्याहून शेफाली आली. चित्रकार. तिला साध्यासुध्या माणसांचे चेहरे काढायचे होते. बांधावर गेली तर माणूस कामात, पारावर गेली तर चित्र अर्धं असतानाच उठून चालायला लागतो. शेवटी तिनं नानांचं बाकडं धरलं. इथं माणूस पाऊण तास मानसुद्धा हलवत नाही. आठ दिवस ती कोळशाच्या कांडीनं रेघा ओढत बसली.

नाना खांद्यावरून डोकवायचे. "डावी भुवई चढवलीस व्हय पोरी? आप्पांची उजवी वर जाती. ती बी खोटं बोलतानाच."

आप्पा खुर्चीतून ओरडले, "ए, केस काप!"

शेफालीनं भुवई पुसून पुन्हा काढली. "काका, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता."

"बघायचंच खातो की आमी."

रविवारी सकाळी समाजमंदिरात दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून तिनं चित्रं टांगली. गाव लोटलं. आप्पांच्या ठकुबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बया! ह्यो काय बोकडांचा बाजार भरलाय का?"

सगळे हसले. नानाही हसले आणि हसता हसता थांबले. खुर्चीत एकेकटा येणारा माणूस आज दोरीवर रांगेत टांगलेला होता. आप्पा दाढीवाले. मानसिंग दाढीवाला. धनाजी, गोरख, गेनू, सगळे. आप्पांच्या दाढीत कानाखाली केस न आलेली एक बारीक रेघ होती. पोरीनं तीही सोडली नव्हती. आणि शेवटच्या कागदावर स्वतः नाना, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलेले.

म्हणजे आठ दिवस बाकड्यावर बसलेल्या पोरीला दिसलं. मग गावाला?

नाना आप्पांसमोर जाऊन उभे राहिले. "आप्पा, नवस कुठल्या देवाला बोलला व्हता?"

"हाय एक. तुला काय करायचंय?" आप्पांची उजवी भुवई वर गेली. दोन वर्षांमागं 'म्याच हाललो' म्हणतानाही ती गेलीच असणार. त्या दिवशी नाना आपल्याच हाताकडं बघत होते.

"नाव सांगा की देवाचं."

मानसिंगला राहवलं नाही. "सोपानदेवाला."

"सासवडच्या?"

"न्हाई. किकवीच्या."

हसू कुणालाच आलं नाही. ठकुबाई म्हणाल्या, "भावजी, दोन वर्सं ह्ये दाढीत भाकरीचा चुरा घिऊन हिंडत्यात. म्या म्हनलं, सांगा की त्यास्नी, मशीन घ्या म्हनून. तर ह्ये म्हनत्यात, त्याचं मन दुखंल."

नानांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. हात कापत होता. त्यांनी मनगट धरलं नाही.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी नाना एस.टी.नं भोरला गेले आणि मशीन घेऊन आले. मंगळवारी उजाडताच दाढी उतरवायला बाकड्यावर दाटी. मशीन सुरू झालं, तर ते नानांपेक्षा जास्त थरथरत होतं. हाताची थरथर कुठली आणि मशीनची कुठली, कळेना.

शेफाली दारात येऊन कपाळाला हात लावून उभी. "काका! माझी सगळी चित्रं चुकली की आता!"

"मग बस की हितं. पुन्यांदा काढ," नाना म्हणाले, आणि आप्पांची हनुवटी दोन बोटांनी वर केली. "आज हाललासा तरी चालतंय, आप्पा."