ताण्यापुरती जागा

मी मॅट्रिकला होतो तेव्हा घरातल्या दोन मागांपैकी एक बंद पडला होता आणि त्याच्या पाय सोडून बसायच्या खड्ड्यात माय कांदे ठेवायची. संध्याकाळी बहुतेक ज्वारीच्या कण्याच. गिरणीच्या कापडानं बाजार खाल्ला हे खरं, पण आमच्या विणकरांच्या गल्लीचं आणखी एक दुखणं होतं. नाल्या तुंबलेल्या, चाकोऱ्यांत गुडघाभर चिखल. लुगडी घ्यायला आलेले व्यापारी गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरायचे. एकेक घर माग मोडून गिरणीत कामाला लागलं.

तशातही बाबांनी मला बी.ए. केलं. गल्लीतला पहिलाच. अभिमान वाटतो, लपवू कशाला?

पदवी मिळताच मी म्युनिसिपल कमिटीला अर्ज लिहिला, झोकदार इंग्रजीत: नाल्या बांधा, घरांना लागून गल्लीभर खडीचा पक्का रस्ता करा. पुढच्या हिवाळ्यात तो मंजूर झाला. ओव्हरसिअर साखळी घेऊन मोजणीला आले. लोक माझी पाठ थोपटत होते, तेवढ्यात माय दारातून ओरडली, "काहून गा, रस्ता तर मागितला, अन् ताणा कुठं लावू? तुह्या डोक्शावर?"

लुगड्याचा ताणा, म्हणजे उभं सूत, घरात मावत नाही. रोज सकाळी गल्लीत रोवलेल्या खुंटांवर तो ताणायचा, खळ लावायची, कुंच्यानं विंचरून उन्हात वाळवायचा, मग मागावर घ्यायचा. खडीत खुंट राहणार नव्हते, आणि पक्का रस्ता म्हटला की पहाटेपासून बैलगाड्या. जन्मापासून ज्या खुंटांशी खेळलो, त्यांच्याबद्दल माझ्या अर्जात एक ओळ नव्हती. गल्ली वाचवायला निघालो होतो आणि उरलेले मागही बंद पाडणार होतो.

"कालेजात हे नसन शिकवलं," बाबा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसिअरांकडे जाऊन चूक कबूल केली. ते हसले. "बी.ए. झाल्यावर माय-बापाले विचारायची मनाई असते का गा?"

पण त्याच्या पुढच्या सकाळी ते स्वतः आले. माय खळ लावत होती. ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते चालत गेले.

"वाळाले किती वेळ लागते, बाई?"

"नऊ-दहा वाजतात. मंग नाचवा तुमच्या गाड्या."

ओव्हरसिअरांनी नकाशा बदलून वरून मंजूर करून आणला. एका कडेला खुंटांसाठी मुरमाची पट्टी सोडली आणि ताणा उचलेपर्यंत गाड्यांना बंदी घातली. त्यांना हे करायची काही गरज नव्हती. मंजूर रस्ता तसाच बांधून ते मोकळे झाले असते. त्यांचे उपकार मी विसरलो नाही. आणि मायचे तर कसे विसरू? अक्षरओळख नसताना माझ्या अर्जात काय सुटलं ते तिनंच वाचलं.

रस्ता झाला. व्यापारी दारापर्यंत येऊ लागले. त्या दिवाळीआधी मायनं खड्ड्यातले कांदे काढले, आणि आमचे दोन्ही माग चालू झाले.